डॉ. प्रफुल्लकुमार सेन : तीन तासांचे ऋण

विरारहून सुटणाऱ्या पहाटेच्या लोकलमध्ये काही प्रवासी इतरांहून वेगळे ओळखू येतात. त्यांच्या हातात डबा नसतो, छायाचित्रांचे मोठे पाकीट आणि कागदपत्रांची जाड पिशवी असते. सोबतचे माणूस त्यांना खिडकीजवळ बसवते आणि दम लागू नये म्हणून जिना हळू चढवते. वसई, नालासोपारा, विरार आणि पलीकडच्या पालघर पट्ट्यातून निघालेल्या या माणसांचा रस्ता ठरलेला असतो. दादर किंवा प्रभादेवीला उतरायचे आणि परळच्या केईएम रुग्णालयाची वाट धरायची. वसई तालुका ठाणे जिल्ह्यात होता, तेथे केळीच्या बागा, पानवेली आणि मिठागरे यांचेच राज्य होते, तेव्हापासून छातीच्या दुखण्याचा माणूस याच रस्त्याने जात आला आहे. त्या रस्त्याच्या शेवटी ज्यांनी हृदयाच्या शस्त्रक्रियेची दारे सामान्य माणसासाठी उघडली, त्यांचे नाव मात्र आज फारसे कुणाच्या ओठी नसते. ते नाव डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांचे.

१९६८ च्या फेब्रुवारीत, १६ आणि १७ तारखांच्या मधल्या रात्री, डॉ. सेन यांनी केईएममध्ये एका माणसाचे हृदय दुसऱ्याच्या छातीत बसवले. मानवी हृदयाचे प्रत्यारोपण करणारे ते जगातील चौथे शल्यविशारद ठरले. रुग्ण अवघे तीन तास जगला. या तीन तासांमुळे डॉ. सेन यांचे नाव जगभर गेले आणि त्याच तीन तासांमुळे त्यांच्यावर प्रश्नांची सरबत्तीही झाली. परंतु त्यांचे आयुष्य त्या एका रात्रीत मावणारे नव्हते. तो रुग्ण का दगावला याचे उत्तर हृदयात नव्हते, फुप्फुसांत होते. पुढच्या पिढीला ते उत्तर सापडत गेले तेव्हा केवळ हृदयरोग्यांनाच नव्हे, तर फुप्फुसे कायमची निकामी झालेल्या तरुण स्त्री-पुरुषांनाही जगण्याची नवी वाट मिळाली.

कोलकाता, नागपूर, परळ

प्रफुल्लकुमार सेन यांचा जन्म ७ डिसेंबर १९१५ रोजी कोलकात्यात झाला. त्यांचे बालपण मात्र नागपुरात गेले. वैद्यकीय शिक्षणासाठी ते मुंबईला आले आणि परळच्या सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. हे महाविद्यालय आणि त्याला जोडलेले केईएम रुग्णालय ही दोन्ही १९२६ सालची अपत्ये. त्यांच्यामागे एक स्वाभिमानी आग्रह होता. सरकारी सेवेतील गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली भारतीय डॉक्टरांना दुय्यम स्थान मिळत असे, म्हणून या संस्थेतील अध्यापक आणि वैद्य भारतीयच असावेत, अशी अट देणगीदारांनी घातली होती. परदेशात जे होते ते येथेही आपल्या हातांनी झाले पाहिजे, ही जिद्द संस्थेच्या पायातच होती. डॉ. सेन यांच्या पुढील वाटचालीत ती पदोपदी दिसते.

शल्यशास्त्रातील उच्च शिक्षणानंतर ते याच संस्थेत रुजू झाले. १९४० च्या दशकाच्या अखेरीस रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेतील फिलाडेल्फियाला गेले. तो काळ शल्यशास्त्रात मोठ्या उलथापालथीचा होता. हृदयाला हात लावू नये, हा शतकानुशतकांचा दंडक नुकताच मोडला होता. १९४८ मध्ये फिलाडेल्फियातच चार्ल्स बेली यांनी चिकटलेली हृदयझडप बोटाने मोकळी करून रुग्ण वाचवून दाखवला होता. ज्या शहरात हे घडले, तेथे शिकलेला तरुण शल्यविशारद परळला परतला तेव्हा त्याच्यापुढे अशाच रुग्णांची रांग उभी होती.

चाळीतल्या तापाचे हृदय

त्या काळी मुंबईत आणि आसपासच्या जिल्ह्यांत तरुणपणी येणारा हृदयविकार बहुधा संधिवाताच्या तापातून येई. कोंदट, दाटीच्या घरांत लहान मुलांचा घसा येतो, सांधे सुजतात, ताप उतरतो आणि घरची माणसे ते विसरूनही जातात. पण शरीर विसरत नाही. हृदयाची झडप आतल्या आत जाड होत जाते, तिच्या पाकळ्या एकमेकींना चिकटतात आणि विशीत-तिशीत ऐन संसाराच्या काळात माणसाला चार पावलांवर धाप लागू लागते. रक्ताला पुढे जायला वाट अरुंद होते, म्हणून ते मागे तुंबते. मागे असतात ती फुप्फुसे. रुग्णाला झोपताना गुदमरते, खोकल्यातून रक्त पडते. बाळंतपणात तर अशा कित्येक स्त्रिया दगावत.

१९५० च्या दशकाच्या आरंभी डॉ. सेन यांनी केईएममध्ये अशा चिकटलेल्या झडपा मोकळ्या करण्याची शस्त्रक्रिया हाती घेतली. धडधडत्या हृदयाच्या वरच्या कप्प्यात छेद घ्यायचा, त्यातून बोट आत सरकवायचे आणि डोळ्यांना न दिसणारी झडप केवळ स्पर्शाने ओळखून तिच्या पाकळ्या विलग करायच्या, असे हे काम. सर्व भिस्त बोटावर असे आणि चूक झाली तर ती सुधारायला क्षणांचाच अवधी असे. हे काम खासगी इस्पितळात श्रीमंतांसाठी झाले नाही, ते महापालिकेच्या रुग्णालयात गिरणी कामगार, शेतमजूर आणि त्यांच्या बायकामुलांसाठी झाले, ही त्यातील मोठी गोष्ट होय.

बंद हृदयावरील या शस्त्रक्रियेला मर्यादा होत्या. हृदयाच्या पडद्यातील छिद्र बुजवायचे तर हृदय उघडून आत पाहावे लागे आणि त्यासाठी रक्तप्रवाह काही काळ थांबवावा लागे. डॉ. सेन यांच्या पथकाने आधी शरीर थंड करण्याचा मार्ग अवलंबला. तापमान उतरले की मेंदूची प्राणवायूची गरज घटते आणि शल्यविशारदाला काही मिनिटे मिळतात. तेवढ्या मिनिटांत काम आटोपायचे. याहून अधिक वेळ हवा असेल तर हृदय आणि फुप्फुस या दोहोंचे काम शरीराबाहेर करणारे यंत्र आवश्यक होते.

हे यंत्र अमेरिकेत नुकतेच स्थिरावत होते. परकीय चलनाची टंचाई असलेल्या देशात ते आणायचे, चालवायचे आणि बिघडले तर दुरुस्त करायचे, ही एक स्वतंत्र लढाई होती. मुंबईत दोन पथके ती लढत होती. नायर रुग्णालयात डॉ. केरसी दस्तूर यांनी स्थानिक कारागिरांच्या मदतीने देशी यंत्र घडवण्यावर भर दिला. डॉ. सेन यांचा भर परदेशी तंत्र आत्मसात करण्यावर, तेथील तज्ज्ञांशी संबंध राखण्यावर आणि आपल्या माणसांना त्या तंत्रात तयार करण्यावर होता. १९६० च्या दशकाच्या आरंभी या दोन्ही वाटा फळाला आल्या आणि खुल्या हृदयावरील शस्त्रक्रिया मुंबईत होऊ लागली. यंत्र मिळवण्यापेक्षा ते चालवणारे पथक उभे करणे कठीण असते, हा धडा डॉ. सेन यांनी तेव्हाच घेतला होता. भूलतज्ज्ञ, विकृतिशास्त्रज्ञ, रक्तपेढीचे कर्मचारी, परिचारिका आणि तंत्रज्ञ या सर्वांनी एका लयीत काम केले, तरच टेबलावरचा रुग्ण घरी जातो.

सर्पाच्या हृदयातून सुचलेली कल्पना

डॉ. सेन यांच्या पथकातील नावे पुढे स्वतंत्रपणे गाजली. डॉ. जी. बी. पारुळकर यांनी त्यांच्यामागे हृदयशल्यविभागाची परंपरा पुढे नेली. विकृतिशास्त्रज्ञ डॉ. एस. जी. किणारे यांनी शस्त्रक्रियेतून आणि शवविच्छेदनातून मिळालेल्या हृदयांचा व रक्तवाहिन्यांचा सूक्ष्म अभ्यास केला. डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी तरुण वयात या प्रयोगशाळेत काम केले आणि पुढे दुर्बिणीद्वारे पोटाची शस्त्रक्रिया भारतात रुजवली. हाताखालच्या माणसांना केवळ राबवून न घेता संशोधनात सामील करून घेण्याची डॉ. सेन यांची रीत या नावांवरून कळून येते.

या प्रयोगशाळेतील एक कल्पना विलक्षण होती. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या तुंबल्या की हृदयविकाराचा झटका येतो. आज यासाठी बायपास आणि फुगा हे उपाय परिचित आहेत. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात ते नव्हते. सर्पासारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाचा स्नायू स्पंजासारखा सच्छिद्र असतो आणि त्याचे बरेचसे पोषण हृदयाच्या कप्प्यातील रक्तातूनच होते, याकडे डॉ. सेन यांचे लक्ष गेले. मग माणसाच्या हृदयभिंतीतही सुईने बारीक छिद्रे पाडली तर कप्प्यातील रक्त थेट स्नायूत झिरपेल काय, असा विचार पुढे आला. श्वानांवर प्रयोग झाले आणि १९६५ मध्ये सेन, उडवाडिया, किणारे व पारुळकर यांचा शोधनिबंध अमेरिकेतील प्रतिष्ठित नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे इतर देशांत लेसर किरणांनी अशी छिद्रे पाडण्याची पद्धत आली, तेव्हा तिच्या इतिहासात परळच्या या सुईची नोंद घ्यावीच लागली.

महाधमनी आणि तिच्या शाखांना अकारण सूज येऊन त्या आकसत जाण्याचा एक विकार आशियातील तरुण स्त्रियांमध्ये विशेष आढळतो. डॉ. सेन, किणारे, केळकर आणि पारुळकर यांनी त्याचा वर्षानुवर्षे अभ्यास करून ग्रंथ सिद्ध केला. पाश्चात्त्य पुस्तकांत जे रोग ठळकपणे नाहीत, पण आपल्या रुग्णालयाच्या खाटांवर आहेत, त्यांच्याकडे आपणच पाहिले पाहिजे, ही या कामामागची दृष्टी होती.

प्रत्यारोपणाचा ध्यासही असाच एकाएकी जडलेला नव्हता. १९६५ मध्ये या पथकाने श्वानांमधील हृदयप्रत्यारोपणाच्या शंभर प्रयोगांचा अहवाल भारतीय वैद्यकीय संशोधन नियतकालिकात प्रसिद्ध केला होता. केपटाऊनच्या घटनेने जग थक्क होण्याआधी दोन वर्षे परळमध्ये या शस्त्रक्रियेचा सराव झालेला होता, ही बाब सहसा ध्यानात घेतली जात नाही.

ती रात्र

३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिले मानवी हृदयप्रत्यारोपण केले. तो रुग्ण १८ दिवस जगला. तीनच दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये एड्रियन कॅन्ट्रोविट्झ यांनी एका अर्भकावर प्रयत्न केला, तो अपयशी ठरला. जानेवारी १९६८ मध्ये बर्नार्ड यांचे दुसरे प्रत्यारोपण झाले आणि त्यांचा हा रुग्ण दीड वर्षाहून अधिक जगला. त्याच महिन्यात कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्डला नॉर्मन शमवे यांनी आपला पहिला रुग्ण हाताळला. त्यानंतरचे नाव मुंबईचे होते.

डॉ. सेन यांच्यापुढची अडचण केवळ शस्त्रक्रियेची नव्हती. हृदय धडधडत असताना मेंदू मेला, म्हणून माणूस मेला असे म्हणायचे काय, या प्रश्नाचे उत्तर तेव्हा भारताच्या कायद्यात नव्हते. जगातही त्यावर एकमत नव्हते. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीने मेंदूमृत्यूचे निकष मांडले ते १९६८ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे मुंबईतील शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी. डॉ. सेन यांना शासनकर्त्यांशी आणि कायदेपंडितांशी हा विषय बोलावा लागला. दुःखात बुडालेल्या नातलगांची संमती मिळवणे हे त्याहून अवघड होते.

फेब्रुवारीत दोन्ही बाजू जुळून आल्या. एकीकडे हृदयाचा स्नायू पार थकून गेलेला एक तरुण शेतकरी होता आणि दुसरीकडे डोक्याला प्राणघातक इजा झालेली एक तरुणी होती. रात्रभर दोन शस्त्रक्रियागृहांत काम चालले. नवे हृदय छातीत बसले, टाके पूर्ण झाले, रक्त सोडले आणि ते हृदय धडधडू लागले. ज्या क्षणासाठी वर्षानुवर्षे प्रयोगशाळेत श्रम झाले, तो क्षण आला होता. पण यंत्राचा आधार काढल्यानंतर हृदयाचा उजवा भाग हळूहळू फुगू लागला, त्याचा जोर ओसरला आणि तीन तासांत सारे संपले.

हृदय चांगले असूनही असे का व्हावे? शरीरातील अशुद्ध रक्त हृदयाच्या उजव्या बाजूला येते आणि तेथून फुप्फुसांत ढकलले जाते. निरोगी माणसात फुप्फुसांतील रक्तवाहिन्या सैल असतात, म्हणून उजव्या बाजूला फार जोर लावावा लागत नाही आणि तिची भिंतही पातळ असते. डाव्या बाजूचे हृदय वर्षानुवर्षे दुबळे राहिले की रक्त फुप्फुसांत तुंबते. तेथील वाहिन्या जाड व ताठर होतात आणि त्यांतील दाब वाढत जातो. रुग्णाचे स्वतःचे हृदय या वाढत्या दाबाशी हळूहळू जुळवून घेते. एका निरोगी तरुणीचे हृदय मात्र आयुष्यात प्रथमच, तेही काही काळ बाहेर राहून थकलेल्या अवस्थेत, या भिंतीवर आदळते. त्याला ते पेलवत नाही. हृदय बदलले गेले होते, फुप्फुसे मात्र जुनीच होती. अशा रुग्णाची निवडच टाळायला हवी, हे आज प्रत्यारोपणाच्या पहिल्या धड्यांपैकी एक आहे. १९६८ मध्ये तो धडा अजून लिहिला जायचा होता आणि तो लिहिणाऱ्यांत परळचे पथकही होते.

सप्टेंबर १९६८ मध्ये डॉ. सेन यांनी दुसरा प्रयत्न केला. हा रुग्ण १४ तास जगला. त्यानंतर त्यांनी मानवी हृदयप्रत्यारोपण केले नाही.

सन्मान आणि सवाल

देशात अभिमानाची लाट उसळली. स्वातंत्र्याला जेमतेम वीस वर्षे झालेला देश धान्यासाठी परदेशी जहाजांची वाट पाहत होता आणि त्याच देशातील महापालिकेच्या रुग्णालयाने जगातील मोजक्या केंद्रांच्या पंक्तीत स्थान मिळवले होते. १९६९ मध्ये डॉ. सेन यांना पद्मभूषण देण्यात आले.

त्याबरोबरच सवालही उभे राहिले. ज्या शहरात क्षय, पटकी आणि कुपोषणाने माणसे मरतात, तेथे एका रुग्णावर इतका खर्च आणि इतके मनुष्यबळ का, हा त्यांतील मुख्य सवाल होता. तो अप्रस्तुत म्हणता येत नाही. रुग्ण वाचण्याची शक्यता किती होती, त्याला आणि त्याच्या घरच्यांना ती किती समजली होती, हेही विचारले जाणे स्वाभाविक होते. पहिल्यांदा करणाऱ्याच्या वाट्याला येणारी ही जबाबदारी असते आणि तीतून डॉ. सेन यांनाही सूट देता येणार नाही. मात्र याला दुसरी बाजू आहे. गरिबाच्या रुग्णालयात फक्त गरिबांचेच रोग बरे व्हावेत आणि अवघड विद्या श्रीमंत देशांतच राहावी, हे त्यांना मान्य नव्हते. प्रत्यारोपणासाठी तयार केलेल्या पथकानेच झडपांच्या आणि जन्मजात दोषांच्या असंख्य रुग्णांवर शस्त्रक्रिया केल्या. शिखरावर जाण्यासाठी बांधलेल्या पायऱ्या इतरांच्याही उपयोगी पडल्या.

जगभर १९६८ मध्ये शंभराच्या आसपास हृदयप्रत्यारोपणे झाली. बहुतेक रुग्ण काही दिवसांत किंवा महिन्यांत दगावले. परक्या अवयवाला शरीर नाकारते, या नैसर्गिक नियमापुढे शल्यकौशल्य हतबल होते. १९७० च्या दशकात बहुतेक केंद्रांनी हे काम थांबवले. शमवे यांच्यासारखे थोडे लोक चिकाटीने मागे लागले. बुरशीपासून मिळालेल्या सायक्लोस्पोरिन या औषधाने नकाराची ही प्रक्रिया आटोक्यात येऊ लागली आणि १९८३ च्या अखेरीस अमेरिकेत त्याच्या वापराला मान्यता मिळाली. डॉ. सेन यांचे निधन त्याआधी वर्षभर, जुलै १९८२ मध्ये झाले होते. ज्या किल्लीने कुलूप उघडणार होते, ती हाती येण्याआधीच दारापाशी पहिल्यांदा पोहोचलेला माणूस निघून गेला.

फुप्फुसांचे कोडे

परळच्या त्या रात्रीने पुढे आणलेला प्रश्न फुप्फुसांचा होता. त्याचे एक उत्तर १९८१ मध्ये स्टॅनफर्डला मिळाले. फुप्फुसांतील दाब अतोनात वाढलेल्या एका स्त्रीवर ब्रूस राइट्झ यांनी हृदय आणि दोन्ही फुप्फुसे यांचे एकत्र प्रत्यारोपण केले आणि ती त्यानंतर पाच वर्षे जगली. १९८३ मध्ये टोरांटोला जोएल कूपर यांच्या पथकाने केवळ फुप्फुसाचे प्रत्यारोपण यशस्वी केले. त्याआधी वीस वर्षे, १९६३ मध्ये, अमेरिकेत जेम्स हार्डी यांनी हाच प्रयत्न केला होता, तेव्हा रुग्ण १८ दिवस जगला होता.

या शस्त्रक्रियेचा सर्वांत मोठा लाभ ज्यांना झाला, त्यांत सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक विकाराचे तरुण रुग्ण येतात. आई आणि वडील या दोघांकडून सदोष जनुक आले की हा विकार होतो. शरीरातील स्राव घट्ट आणि चिकट होतात, घाम विलक्षण खारट होतो, अन्न पचत नाही आणि फुप्फुसांतील चिकट कफात जंतू कायमचे घर करतात. १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या डोरोथी अँडरसन यांनी या विकाराचे स्वतंत्र वर्णन केले, तेव्हा अशी मुले शाळेच्या वयापर्यंतही क्वचित पोहोचत. प्रतिजैविके, पाचक द्रव्ये आणि छातीचे व्यायाम यांच्या बळावर ती प्रौढ होऊ लागली, पण विशी-तिशीत फुप्फुसे हार खात. भारतात हा विकार नसल्यातच जमा, असे पूर्वी मानले जाई. तो आहे, मात्र कित्येकदा क्षय किंवा दमा समजून ओळखल्याविना राहतो, हे आता स्पष्ट झाले आहे.

अशा रुग्णाचे एकच फुप्फुस बदलून भागत नाही. मागे राहिलेल्या फुप्फुसातील जंतू नव्यालाही ग्रासतात, म्हणून दोन्ही बदलावी लागतात. १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये अशा रुग्णांना हृदय व फुप्फुसे एकत्रच देत असत. तेव्हा एक चमत्कारिक योग जुळून आला. या रुग्णांचे स्वतःचे हृदय पुष्कळदा चांगले असे. ते फेकून न देता दुसऱ्या हृदयरोग्याला दिले जाऊ लागले. रोगट फुप्फुसांशी वर्षानुवर्षे झुंजल्याने या हृदयाची उजवी बाजू बळकट झालेली असे. त्यामुळे फुप्फुसांतील दाब वाढलेल्या रुग्णाला ते निरोगी माणसाच्या हृदयापेक्षाही अधिक मानवण्याची शक्यता होती. १९६८ च्या त्या तरुण शेतकऱ्याला नेमके जे हवे होते, ते वैद्यकशास्त्राला वीस वर्षांनी गवसले होते.

आता सिस्टिक फायब्रोसिसच्या प्रौढ रुग्णांत प्रत्यारोपणानंतर पहिले वर्ष दहापैकी सुमारे नऊ जण पार करतात आणि निम्मे रुग्ण दहा वर्षांच्या आसपास किंवा त्याहून अधिक जगतात, असे आंतरराष्ट्रीय नोंदी दाखवतात. अन्य फुप्फुसविकारांच्या तुलनेत हे आकडे चांगले आहेत. त्याला रुग्णांचे तरुण वय हे एक कारण आहे. पण प्रत्यारोपण म्हणजे आयुष्याची हमी नव्हे. नकाराची टांगती तलवार, जंतुसंसर्ग आणि जन्मभराची औषधे सोबतीला असतातच. शस्त्रक्रिया केव्हा करावी, हा तर फार नाजूक प्रश्न आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात असे दिसले, की पाच वर्षे जगण्याची शक्यता ३० टक्क्यांहून कमी असलेल्या रुग्णांना प्रत्यारोपणाने आयुष्य लाभते. ज्यांची प्रकृती त्याहून बरी असते, त्यांना घाई केल्याने उलट नुकसान होऊ शकते. फार उशीर केला तर रुग्ण शस्त्रक्रियेपर्यंत टिकत नाही. योग्य रुग्ण आणि योग्य वेळ यांची पारख शल्यकौशल्याइतकीच मोलाची, हा परळचा धडा येथेही लागू पडतो. २०१९ पासून जनुकदोषावर थेट काम करणारी संयुक्त औषधे आली आणि पाश्चात्त्य देशांत या विकारासाठी होणारी प्रत्यारोपणे झपाट्याने घटली. भारतातील बहुसंख्य कुटुंबांना मात्र त्या औषधांची किंमत झेपणारी नाही.

परळला परत

भारतात मेंदूमृत्यूला कायद्याची मान्यता मिळायला १९९४ साल उजाडले. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा संमत झाला आणि त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातील पहिले यशस्वी हृदयप्रत्यारोपण केले. १९९९ मध्ये चेन्नईत डॉ. के. एम. चेरियन यांनी हृदय व फुप्फुसांचे एकत्र प्रत्यारोपण केले. मुंबईला बरीच वाट पाहावी लागली. ऑगस्ट २०१५ मध्ये पुण्याहून तातडीने आणलेले हृदय मुलुंडच्या रुग्णालयात एका तरुणाला बसवण्यात आले, तेव्हा डॉ. सेन यांच्या प्रयत्नाला ४७ वर्षे होऊन गेली होती. खुद्द केईएममध्ये हृदयप्रत्यारोपण पुन्हा झाले ते जुलै २०२४ मध्ये, म्हणजे ५६ वर्षांनी. पश्चिम भारतातील अवयवदानाचे समन्वय करणारे केंद्रही याच रुग्णालयाच्या आवारात आहे. ज्या जागी मेंदूमृत्यूचा प्रश्न कायद्याच्या आधाराविना सोडवावा लागला, तेथूनच आता तो कायदा राबवला जातो.

वसईच्या इतिहासाला छातीचे दुखणे अपरिचित नाही. १७३९ मध्ये वसईचा किल्ला जिंकणारे चिमाजी अप्पा त्यानंतर दीड वर्षातच, डिसेंबर १७४० मध्ये, ऐन तारुण्यात छातीच्या विकाराने गेले. फिरंग्यांची तटबंदी ज्यांच्यापुढे टिकली नाही, त्यांना स्वतःच्या फुप्फुसांपुढे हार मानावी लागली. त्या काळी राजालाही जे मिळणे शक्य नव्हते, त्याची आशा आज विरार लोकलने निघालेला माणूस बाळगू शकतो. ती आशा अजून महाग आहे, तिची प्रतीक्षायादी लांब आहे आणि ती सर्वस्वी एखाद्या दुःखी कुटुंबाच्या दातृत्वावर अवलंबून आहे. वसई-विरारसारख्या वाढत्या शहरात खोकणाऱ्या, वजन न वाढणाऱ्या मुलाचे निदान वेळेवर होणे आणि अपघातानंतर मेंदूमृत्यू झालेल्या माणसाच्या घरच्यांनी अवयवदानाचा विचार करणे, या दोन गोष्टींनी ती थोडी जवळ येऊ शकते.

डॉ. सेन यांच्या नावावर यशस्वी हृदयप्रत्यारोपणाची नोंद नाही. त्यांच्या नावावर दोन प्रयत्न आहेत, एकाचे तीन तास आणि दुसऱ्याचे चौदा. शल्यशास्त्रातील यशाची गणती वर्षांत होते, पण त्या वर्षांची सुरुवात अशाच तासांतून होत असते. परळच्या पायऱ्या हळूहळू चढणाऱ्या रुग्णाला हा हिशेब ठाऊक असण्याचे कारण नाही. तो बरा होऊन संध्याकाळच्या लोकलने घरी परततो, तेव्हा त्या तासांचे ऋण आपोआपच काही अंशी फिटते.